पावणेबाराची सही

12 जून 1975, सकाळी दहा. सहीला अजून तेरा दिवस.

अलाहाबाद उच्च न्यायालयाचं 24 क्रमांकाचं दालन. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांचा निकाल 258 पानांचा होता. वाचायचं वाक्य एकच होतं: राजनारायण यांची याचिका मंजूर. 1971 साली रायबरेलीतून लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आलेल्या इंदिरा गांधींची खासदारकी रद्द झाली, शिवाय सहा वर्षं निवडणुकीला बंदी. दोष धरले ते दोन. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच त्यांच्या प्रचाराचं काम करू लागले होते, आणि उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या सभांसाठी व्यासपीठं, ध्वनिक्षेपक, वीज यांची सोय केली होती.

एवढ्यावरून पंतप्रधान जातो? लोकांना तेव्हाही हा प्रश्न पडला, आणि खरं सांगायचं तर मलाही कधीकधी पडतो. पण सरपंचाला जो कायदा लागतो तोच पंतप्रधानाला लावणारा न्यायाधीश रोज सापडत नाही. सिन्हांनी अपिलासाठी 20 दिवसांची स्थगितीही दिली. रस्ता बंद झालेला नव्हता.

त्याच संध्याकाळी गुजरातचे निकाल आले, काँग्रेस हरली. पुढचे बारा दिवस 1, सफदरजंग रोडच्या दारात बसगाड्या भरभरून माणसं आणली गेली. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणत होते. ही भाषा पक्षाची नाही, दरबाराची आहे. गंमत अशी की या धोक्याची सूचना घरातूनच आली होती. 1937 साली कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त ‘चाणक्य’ या नावाने एक लेख छापून आला. जवाहरलालला फार डोक्यावर घेऊ नका, जरा वळण बदललं तर हा माणूस हुकूमशहा होईल, त्याला सीझर होऊ देऊ नका, असा त्याचा आशय. लिहिणारे खुद्द जवाहरलालच होते.

24 जून. सर्वोच्च न्यायालयाचे सुटीकालीन न्यायाधीश व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. बाईंना पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बोलता येईल, मत मात्र देता येणार नाही. बाजू मांडायला मुंबईहून नानी पालखीवाला गेले होते. हातात पद होतं, अपील होतं, देशातला नावाजलेला वकील होता. काही काळ बाजूला होऊन निकालाची वाट पाहण्याची मोकळीकही होती.

25 जून, बुधवार, सकाळ. सहीला पंधरा-सोळा तास.

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थशंकर राय दिल्लीत होते. त्यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावणं आलं. बॅरिस्टर, घटनेचे जाणकार, बाईंचे जुने स्नेही. देशबंधू चित्तरंजन दासांचे ते नातू. ज्या दासांनी अलिपूरच्या खटल्यात अरविंद घोषांची बाजू लढवली, इंग्रजांचा तुरुंग भोगला, त्यांच्या मुलीचा हा मुलगा. सकाळी त्यांना सांगण्यात आलं की देशाला धक्का द्यायची गरज आहे, कायद्यात काय सापडतं ते पाहा. संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा होती, आणि ते सैन्य-पोलिसांना हुकूम मोडायला सांगणार अशा खबरा बाईंच्या टेबलावर होत्या.

गृहमंत्र्यांना हे विचारलं गेलं नाही. कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले एके काळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, घटनेतलं कलम शोधायचं तर पहिला फोन त्यांना जायला हवा. तोही गेला नाही.

दुपार. सहीला आठ-नऊ तास.

राय यांनी घटना चाळली आणि साडेचारच्या सुमारास परत येऊन कलम 352 सांगितलं. देशाच्या सुरक्षिततेला युद्धाने, परकीय आक्रमणाने किंवा ‘अंतर्गत अशांततेने’ धोका निर्माण झाला तर राष्ट्रपती आणीबाणी पुकारू शकतात. यातलं परकीय आक्रमण आधीच वापरून झालं होतं: बांगलादेश युद्धाच्या वेळी, 3 डिसेंबर 1971 ला पुकारलेली आणीबाणी कुणी उठवलीच नव्हती. म्हणजे घर आधीच एका कुलपात होतं, आता दुसरं लावायचं.

इथे थोडं थांबलं पाहिजे. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द घटना समितीला सुचलेले नाहीत, ते विलायतेहून आलेले आहेत. ब्रिटिश पार्लमेंटने 1935 साली हिंदुस्थानसाठी जो कायदा केला त्याच्या 102 व्या कलमात युद्ध किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे सुरक्षितता धोक्यात आली तर गव्हर्नर जनरलने काय करावं ते लिहिलेलं आहे. गव्हर्नर जनरल गेला, राष्ट्रपती आले, शब्द राहिले. साम्राज्याला आपली प्रजा ही कायम संभाव्य दंगलखोर वाटत असते, आणि त्याचे कायदे त्या नजरेतून लिहिलेले असतात. राज्य आपलं झाल्यावर ती नजर आपोआप जाते असं आपण धरून चाललो. विनाचौकशी अटकेचंही तसंच. रौलट कायद्याविरुद्ध ज्यांनी देश पेटवला त्यांच्या वारसांनी 1950 साली, प्रजासत्ताक होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. 1971 साली त्याचा थोरला भाऊ जन्मला, ‘मिसा’.

घटना समितीत हे कुणाला दिसलं नाही असं नाही. हरी विष्णू कामत पूर्वीचे आयसीएस, नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले. 1949 साली आणीबाणीच्या तरतुदींवरच्या चर्चेत ते एकटे पडेपर्यंत भांडले. जर्मनीच्या वायमार घटनेतल्या असल्याच तरतुदीवरून हिटलर वर चढला याची त्यांनी आठवण करून दिली. समितीतल्या बहुतेकांना ते अतिरंजित वाटलं. सरकार आपलंच होतं, माणसं आपलीच होती.

संध्याकाळी साडेपाच. सहीला सहा तास.

बाई आणि राय राष्ट्रपती भवनात गेले. फख्रुद्दीन अली अहमद यांनी ऐकून घेतलं आणि शिफारस पाठवा म्हणाले. मंत्रिमंडळाचं काय? त्याची वाट काढून झाली होती: सरकारी कामकाजाच्या 1961 च्या नियमांतला बारावा नियम. तातडीच्या प्रसंगी पंतप्रधानाला नियमांतून सूट घेता येते, मंत्रिमंडळाची संमती मागाहून. कारकुनी सोयीसाठी केलेला नियम, एखादी फाइल अडू नये म्हणून.

संध्याकाळी, रामलीला मैदान.

माणसांनी मैदान भरलं होतं. व्यासपीठावर जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई, नानाजी देशमुख. 29 जूनपासून सत्याग्रह ठरला, लोकसंघर्ष समितीचे अध्यक्ष मोरारजी, सरचिटणीस नानाजी. जयप्रकाशांनी पोलिसांना आणि सैनिकांना बेकायदा हुकूम पाळू नका असं खरोखरच सांगितलं. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, आणि ‘बेकायदा’ हा शब्द त्यात होता. तरी सैन्याला उद्देशून बोलणं ही जोखीम होती, आणि ती घ्यायला नको होती असं माझं मत आहे. बाईंच्या लोकांना जे वाक्य हवं होतं ते जयप्रकाशांनी आयतं दिलं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की राय यांनी कलम शोधलं, राष्ट्रपतींना भेटून झालं, ते या भाषणाची वाट न पाहता.

मोरारजींचं नाव निघालं की मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री हेच. हुतात्मा चौक विसरण्याची गोष्ट नाही. लोकशाहीचे कैवारी म्हणून तो माणूस त्या व्यासपीठावर बसला होता. सत्ता हातात असताना जनता दंगलखोर दिसते आणि ती गेल्यावर तीच जनता जनार्दन होते, हा अनुभव एकट्या इंदिराबाईंचा नव्हता.

त्याच वेळी, राज निवास. सहीला चार तास.

दिल्लीचे नायब राज्यपाल कृष्णचंद यांच्याकडे पोलीस आणि महसूल अधिकारी जमले. रात्री कुणाकुणाला उचलायचं याच्या याद्या होत्या. तिहार तुरुंगात जागा तयार ठेवायचा निरोप गेला. येणारे नक्षलवादी आहेत, असं सांगण्यात आलं. हरियाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल पंतप्रधानांच्या घरी ये-जा करत होते, आणखी काही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनाही कल्पना दिली गेली होती. तुरुंग अधीक्षकाला रात्री पाहुणे येणार हे कळलं, केंद्रीय मंत्र्यांना कळलं नाही.

आणीबाणी अजून पुकारलेली नाही, हे पुन्हा सांगतो.

अटकेचे हुकूम मिसाखाली निघाले. त्या कायद्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटावी लागते, आणि ती कशावरून पटली ते लिहावं लागतं. सह्या आधी झाल्या, कारणं नंतर जुळवली गेली. पुढे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगासमोर एकेक अधिकारी येऊन हे सांगत होता: वरून सांगितलं, म्हणून केलं. वर कोण, तर बहुतेक बोटं एकाच दिशेला. बाईंचे चिरंजीव संजय गांधी, ज्यांच्याकडे सरकारातलं कोणतंही पद नव्हतं.

रात्री दहा. सहीला पावणेदोन तास.

दिल्लीच्या वीजपुरवठा मंडळाचे प्रमुख बी. एन. मेहरोत्रा यांना नायब राज्यपालांचा तोंडी हुकूम मिळाला: वर्तमानपत्रांची वीज तोडा. लेखी काही नाही.

साडेदहा. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना बोलावून सांगण्यात आलं. एक आणीबाणी चालूच आहे, तिच्यातल्या अधिकारांनी भागेल, असं ते म्हणाले. तो विचार झाला आहे, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी राष्ट्रपतींना पाठवायच्या कागदावर सही केली. त्या रात्रीतला हा मला सगळ्यात ओळखीचा वाटणारा क्षण. आपण सगळ्यांनी कधी ना कधी, कुठल्या तरी सोसायटीच्या नाहीतर संस्थेच्या बैठकीत, एकदा शंका काढून मग सही केलेली असते.

सव्वाअकरा. सहीला अर्धा तास.

राष्ट्रपतींनी आपले सचिव के. बालचंद्रन यांना बोलावून पंतप्रधानांचं ‘अत्यंत गोपनीय’ पत्र दाखवलं. पत्राचा आशय असा: अंतर्गत अशांततेमुळे तातडीचा धोका आहे. हे मंत्रिमंडळापुढे न्यायला मला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही. उद्या सकाळी सगळ्यात आधी तेच करीन. बालचंद्रन म्हणाले, हे घटनेला धरून नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, एकट्या पंतप्रधानाच्या पत्रावर नाही. सचिवाने करायचं ते काम त्यांनी केलं. ते अधिक विचारविनिमयासाठी बाहेर गेले तेवढ्यात आर. के. धवन मसुदा घेऊन आले. धवन हे पंतप्रधानांचे खासगी साहाय्यक.

पावणेबारा.

सही झाली.

अबू अब्राहम यांनी नंतर डिसेंबरात एक व्यंगचित्र काढलं. राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसलेत, दारातून आत आलेल्या हाताला सही केलेला कागद परत देताहेत, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगताहेत. ते सेन्सॉरच्या हातून सुटून छापलं गेलं. फख्रुद्दीन साहेब वाईट माणूस होते असं कुणी म्हणत नाही. त्यांनी परत पाठवलं असतं, सकाळी मंत्रिमंडळ बसवा म्हणाले असते, तरी कदाचित सगळं तसंच घडलं असतं. पण सहा-सात तास गेले असते, आणि त्या रात्री सहा-सात तास फार होते.

26 जून, मध्यरात्रीनंतर.

पंतप्रधानांच्या घरी राय आणि बरुआ सकाळच्या भाषणाचा मसुदा जुळवत होते. गृहखात्याचे राज्यमंत्री ओम मेहता यांच्याकडून राय यांना कळलं की उच्च न्यायालयांना कुलपं आणि वर्तमानपत्रांची वीज बंद असा बेत आहे. कलम 352 शोधून देणाऱ्या बॅरिस्टराला धक्का बसला, आणि तो खरा असावा. वाघावर बसवून दिल्यावर त्याने सावकाश चालावं अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी बाईंना गाठलं. बाई आत गेल्या, काही वेळाने डोळे लाल करून परत आल्या आणि म्हणाल्या, न्यायालयं बंद होणार नाहीत, वीज तोडली जाणार नाही.

दोनच्या सुमारास बहादूरशहा जफर मार्गावरची वीज गेली. छापखाने अर्ध्यात थांबले. ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ निघाले, कारण त्यांची वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून येत होती. हुकूमशाहीला पहिल्या रात्री एवढाही नकाशा नीट ठाऊक नव्हता.

तीनच्या आसपास. गांधी पीस फाउंडेशन. पोलीस आले तेव्हा जयप्रकाश झोपलेले. पहाटे त्यांना पाटण्याचं विमान गाठायचं होतं. 1942 च्या दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत चढून पळालेला, नंतर लाहोरच्या किल्ल्यात छळ सोसलेला हा माणूस आता बहात्तर वर्षांचा होता. त्यांच्या तोंडून निघालं, ‘विनाशकाले विपरीत बुद्धि’. त्यांना संसद मार्गाच्या ठाण्यात नेलं. तिथे विचारपूस करायला आलेले काँग्रेसचेच खासदार चंद्रशेखर यांनाही ठेवून घेतलं. मोरारजींनाही उठवून नेलं. राजनारायण, चरणसिंह, पिलू मोदी, अशोक मेहता हेही त्या धरपकडीत होते.

पहाटे पाच.

मंत्र्यांचे फोन वाजले. सहा वाजता 1, अकबर रोडला बैठक.

रात्री मंत्रिमंडळ जमवणं शक्य नव्हतं, पहाटे ते एका तासात जमलं. त्या रात्रीच्या सगळ्या कागदपत्रांत ही एक ओळ मला पुरते.

सहा वाजता.

जे दिल्लीत होते ते आले. झालेल्या गोष्टीला संमती द्यायची होती. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी विचारलं, एक आणीबाणी असताना दुसरी कशाला? उत्तर मिळालं, चर्चा पुढे गेली. विरोधी मत कुणाचंच नोंदलं गेलं नाही. मंत्रिमंडळात दोन वजनदार मराठी माणसं होती: कायदामंत्री गोखले आणि परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हणून आपण ज्यांना पाठवलं ते यशवंतराव. सह्याद्री गप्प राहिला. सहा महिन्यांनी, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, त्याच यशवंतरावांच्या गावात, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. दुर्गाबाईंकडे ना खातं होतं ना बंगला. पुढे त्यांना अटक झाली.

सकाळी आठच्या सुमारास.

आकाशवाणीवर ओळखीचा आवाज. राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारली आहे, घाबरण्याचं कारण नाही.

बंगळूरला संसदीय समितीच्या बैठकीसाठी गेलेले वाजपेयी, अडवाणी, मधु दंडवते आमदार निवासात होते. पोलीस तिथे पोचले. जॉर्ज फर्नांडिस ओडिशात गोपाळपूरला होते, ते भूमिगत झाले. मुंबईत पालखीवालांनी बाईंचं वकीलपत्र परत केलं. चोवीस तासांत आपल्या अधिकारातली एक गोष्ट करायला नकार देणारा माणूस शोधायचा तर मला हा एवढा सापडतो. दोन-तीन दिवसांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मुंबई आवृत्तीत छोट्या जाहिरातींत डी. ई. एम. ओक्रसी नावाच्या गृहस्थांच्या निधनाची बातमी आली, मृत्यूची तारीख 26 जून. पैसे भरून दिलेली ती जाहिरात छापण्याआधी कुणाच्या लक्षातच आली नाही.

‘आणीबाणी’ हा आपला साधा शब्द. आणीबाणीच्या वेळी शेजारी धावून आला, असं आपण म्हणत होतो. त्या सकाळपासून तो एका तारखेचा शब्द झाला.

पुढचं थोडक्यात. 27 जूनला काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. पवनारहून विनोबांचं ‘अनुशासन पर्व’ आलं आणि सरकारने ते भिंतींवर रंगवलं. शहा आयोगाच्या मोजणीत मिसाखाली 34,988 आणि भारत संरक्षण नियमांखाली 75,818 माणसं आत गेली. एकवीस महिन्यांनी, 21 मार्च 1977 ला, आणीबाणी उठली, तीही बाईंनी स्वतः निवडणूक घेतल्यावर आणि रायबरेलीत हरल्यावर.

जनता सरकारने 44 वी घटनादुरुस्ती केली. कलम 352 मधले ‘अंतर्गत अशांतता’ हे 1935 चे शब्द गेले, त्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा करू नये, असंही त्यात घातलं. मिसा रद्द झाला. 1980 साली इंदिरा गांधी परत निवडून आल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाला. खटल्याविना बारा महिने स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देणारा तो कायदा आजही लागू आहे.